उतार, सांगड आणि पूल : नदी ओलांडण्याची मराठी शब्दसंपदा आणि दगडी पुलांचा वारसा

१. विषयाची मर्यादा

म्हैसूर शहराच्या पश्चिम कडेला, मानसगंगोत्रीच्या परिसराला लागून असलेल्या बोगादीतून कोणत्याही दिशेला दूर जावयाचे झाले, तर थोड्याच अंतरावर एखादी मोठी नदी आडवी येते. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला कपिला म्हणजेच कबिनी. या दोन्ही नद्यांवर दोन जुने पूल अद्याप उभे आहेत. नंजनगूड येथील कबिनीवरील पूल १७३५ साली दळवायी देवराजाच्या काळात बांधला गेला. श्रीरंगपट्टणचा कावेरीवरील पूल दिवाण पूर्णय्यांच्या देखरेखीखाली १८०४ साली पूर्ण झाला आणि त्या वेळचा गव्हर्नर-जनरल वेलस्ली याचे नाव त्याला देण्यात आले. हे दोन्ही पूल स्थापत्याच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकाने मात्र त्यांची दखल क्वचितच घेतलेली दिसते.

प्रस्तुत लेखात नदी ओलांडण्याच्या मराठी शब्दांचा विचार करावयाचा आहे आणि त्या विचाराला दगडी पुलांचा आधार द्यावयाचा आहे. प्रतिपाद्य असे : मराठीची पारगमनाची भाषा पुलावर उभी नाही, ती उतारावर आणि नावेवर उभी आहे. जुने दगडी पूलसुद्धा उताराचेच बांधीव रूप होत. उतार विसरला गेला, की जुनी पत्रे, बखरी आणि संतवाङ्मयातील रूपके यांचे वाचन चुकते. म्हणून पुलाचा वारसा आणि शब्दांचा वारसा हे दोन वेगळे विषय नव्हेत.

२. उतार

आजच्या मराठीत ‘उतार’ म्हटले, की चढाच्या उलट बाजू, घसरण, किंवा फार तर दुखण्याला पडलेला आराम असा अर्थ प्रथम मनात येतो. जुन्या मराठीत या शब्दाचा एक ठाम आणि व्यवहारातला अर्थ होता : नदी पायी, घोड्यावरून किंवा गाडीने ओलांडता येईल असे उथळ ठिकाण. ‘उतार मिळणे’, ‘उतार पाहणे’, ‘नदीस उतार नसणे’ हे लष्करी आणि व्यापारी जीवनातले नेहमीचे वाक्प्रयोग होते. ‘पायउतार’ हा शब्द आज पद सोडणाऱ्या मंत्र्यासाठी राखून ठेवलेला आहे. पूर्वी घोड्यावरून उतरलेला स्वार जसा पायउतार, तशी पायी ओलांडता येण्याजोगी नदीही पायउतार म्हटली जाई.

उताराचे महत्त्व किती होते, हे कावेरीच्याच एका प्रसंगावरून दिसते. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणवर चालून आला. अरकेरे येथे कावेरी ओलांडावी, असा त्याचा विचार होता. तेथील पात्र खडकाळ, आणि पाणी वाढलेले. उतार मिळेना. लढाई जिंकूनही तो वर कन्नंबाडीच्या उताराकडे वळला. मलबारकडून कुर्गमार्गे आलेल्या अॅबरक्रॉम्बीच्या फौजेशी तेथून संधान बांधावयाचे होते. तोवर बैल मरू लागले, दाणागोटा संपला, पाऊस लागला. मोठ्या तोफा त्याच ठिकाणी निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. परतीच्या वाटेवर मेलुकोटेच्या बाजूस हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला येऊन मिळाल्या. टिपूच्या स्वारांनी हरकारे अडविल्यामुळे त्या जवळ आल्याची वार्ताही त्याला वेळेवर कळली नव्हती. उपाशी इंग्रजी फौजेला मराठी लष्कराच्या बाजाराने धान्य पुरविले, हे सर्वज्ञात आहे.

कन्नंबाडीचा हा उतार आज पाहता येत नाही. १९११ साली बांधकाम सुरू झालेल्या कृष्णराजसागराच्या जलाशयाखाली जुने कन्नंबाडी गाव गेले. ज्या जागेवर एका मोहिमेचा निकाल अडकला, ती जागा पाण्याखाली आहे आणि त्या जागेचे वर्णन करणारा शब्द कोशाच्या पानात आहे.

या मोहिमांतील पटवर्धनांचा पत्रव्यवहार वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त प्रसिद्ध केला. अशा पत्रांचे दुसऱ्या भारतीय भाषेत भाषांतर करणाऱ्याला ‘उतार’ हा शब्द साधा वाटतो, आणि तेथेच फसगत होते. ‘नदीचा उतार’ हे शब्द नदीपात्राच्या ढाळाला लागू पडतात, पाणी ओसरण्याला लागू पडतात आणि ओलांडण्याच्या जागेलाही लागू पडतात. संदर्भ लष्कराचा असेल, तर बहुधा तिसराच अर्थ अभिप्रेत असतो. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला मार्ग तुटला. पानिपतच्या कथेतील हा कलाटणीचा क्षण एका उताराचा आहे. यमुनेला उतार नाही, ही समजूत त्या मोहिमेत किती महाग पडली, हे ‘उतार’चा नेमका अर्थ ठाऊक असल्याखेरीज वाचकापर्यंत पोहोचत नाही.

३. ‘तृ’ धातूचा परिवार

उतार हा शब्द संस्कृत ‘उद् + तृ’ याचे अपत्य. ‘तृ’ म्हणजे तरणे, पार जाणे. या एका धातूने भारतीय भाषांना जेवढे शब्द दिले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या धातूने दिले असतील. मराठीत ‘तर’ म्हणजे नदी ओलांडण्याची नाव आणि तिची जागाही. ‘तारू’ म्हणजे गलबत. ‘उतारू’ म्हणजे प्रवासी. आगगाडीत बसलेल्या माणसालाही मराठी उतारूच म्हणते, याचे कारण हा शब्द रुळांच्या आधीचा आहे. परीक्षेत ‘उत्तीर्ण’ होणारा विद्यार्थी व्युत्पत्तीने नदीच्या पलीकडे गेलेला असतो. ‘दुसरा तरणोपाय नाही’ असे म्हणणारा माणूस तरून जाण्याचे साधन नाही असे म्हणत असतो, आणि नदीची आठवण त्याला मुळीच होत नाही.

‘उतराई’ या शब्दाची दोन भाषांतील वाटचाल विशेष लक्षणीय आहे. हिंदीत उतराई म्हणजे पार नेल्याबद्दल नावाड्याला द्यावयाचे भाडे. रामचरितमानसातील केवटाच्या प्रसंगात हीच उतराई केंद्रस्थानी आहे : रामाला पार नेणारा केवट ती घेत नाही. मराठीत मात्र ‘उतराई होणे’ म्हणजे उपकाराच्या ऋणातून मोकळे होणे, आणि बहुतेक वेळा हा प्रयोग नकारार्थीच येतो : या उपकारांचा उतराई कसा होऊ? एका भाषेत शब्द नावेजवळ राहिला, दुसऱ्या भाषेत तो नैतिक व्यवहारात गेला. मूळ ‘उतरणे’ ही क्रिया दोन्हीकडे तीच आहे. केवटाचा प्रसंग मराठीत आणताना ‘उतराई’ हा शब्द तसाच ठेवला, तर मराठी वाचकाला भाड्याचा बोध होणार नाही. तो बदलला, तर ऋणाची छटा जाईल. दोन भाषांत रूपाने सारखा असलेला शब्द भाषांतरकाराला किती अडवतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

‘तीर्थ’ हा शब्द याच धातूचा. त्याचा मूळ अर्थ उतार, नदीत उतरण्याची जागा. पावित्र्य त्या जागेला नंतर चिकटले. जैन परंपरेतील ‘तीर्थंकर’ म्हणजे संसारनदीला उतार करून देणारा. कौटिलीय अर्थशास्त्राच्या परंपरेत ‘अष्टादश तीर्थे’ म्हणजे राज्यकारभारातील अठरा प्रमुख अधिकारी. नदीच्या घाटापासून सरकारी पदापर्यंतचा हा प्रवास विचित्र वाटेल. तमिळमध्ये मात्र त्याला समांतर असा दुसरा प्रवास सापडतो. तमिळ ‘तुऱै’ म्हणजे नदीचा घाट, उतरण्याची जागा, बंदर. प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात ‘तिणै’ या मोठ्या विभागातील विशिष्ट प्रसंगाला ‘तुऱै’ म्हणतात. आजच्या तमिळमध्ये सरकारी खात्याला आणि विद्यापीठातील विभागालाही तुऱै हाच शब्द आहे. एक शब्द संस्कृत, एक द्राविड. दोहोंत रूपाचे नाते नाही. तरीही घाट, शास्त्र आणि अधिकार यांची साखळी दोन्हीकडे जुळली. अथांग पाण्यात जेथे पाय टेकतो ती जागा. अफाट विषयात जेथून प्रवेश करता येतो तो विभाग. नदीकाठच्या समाजांना ही उपमा स्वतंत्रपणे सुचली असावी, असे म्हणता येईल.

‘पार’ या शब्दाचा परिवारही असाच. पारंगत म्हणजे पलीकडच्या तीराला पोहोचलेला. अपार म्हणजे ज्याला पलीकडचे तीर नाही असे. ‘पारायण’ म्हणजे पार जाणे. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा वाचक ग्रंथाच्या एका थडीवरून दुसऱ्या थडीवर जातो.

४. सांगड आणि अंबिग

उतार नसेल तेथे साधन लागते. साधनांपैकी ‘सांगड’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. सांगड म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके, दोन होड्यांची जोडी, किंवा पोहणाऱ्याने अंगाला बांधलेले सुके भोपळे. संस्कृत ‘संघाट’, म्हणजे जोडणी, हे त्याचे मूळ मानले जाते. आज सांगड केवळ घातली जाते : विचार आणि कृती यांची, शिक्षण आणि उद्योग यांची. नदी त्यातून निघून गेली आहे.

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे प्रदीर्घ रूपक आहे. नदीचा उगम, तिचा पूर, तिच्यातील भोवरे आणि मासे, आणि ती आपल्या बळावर तरून जाऊ पाहणाऱ्यांची फजिती असे ते वर्णन वाढत जाते. तेथे तिन्ही वेदांची सांगड घेऊन पाण्यात उतरणारे येतात, आणि अहंभावाचे धोंडे बरोबर घेतल्यामुळे मदरूपी माशाच्या तोंडी जातात. या प्रतिमेतील उपरोध सांगडीचा मूळ अर्थ ठाऊक असला तरच कळतो. सांगड ही हलकी असल्यामुळे तारते. तिला धोंडा बांधला, की तारण्याचे साधनच ओझे होते. ‘वेदांची सांगड’ याचा अर्थ आजच्या वापराप्रमाणे ‘वेदांचा मेळ’ असा घेतला, तर रूपक कोसळते. विद्यार्थ्यांसाठी सिद्ध होणाऱ्या आवृत्त्यांत या एका शब्दावर टीप असणे आवश्यक आहे.

सांगडीचे नातेवाईक दूरवर पसरलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील, ओंडके जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख आहे, आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध याच शब्दगटाशी जोडला आहे. मलयाळममध्ये ‘चङ्ङाडम्’ म्हणजे तराफा. तेथून पोर्तुगीजांनी ‘जंगादा’ उचलला आणि तो ब्राझीलच्या कोळ्यांच्या तराफ्याला जाऊन चिकटला. कन्नडमध्ये ‘संगड’ म्हणजे सोबत, बरोबर. ‘माझ्या संगड ये’ असे म्हणणाऱ्या कन्नड भाषिकाच्या तोंडी जोडणीचाच अर्थ आहे, आणि मराठीतील ‘सांगड घालणे’ हाही तोच. दोन शेजारी भाषांनी एकाच शब्दाची दोन टोके धरून ठेवली आहेत.

दख्खनच्या खडकाळ नद्यांत ओंडक्यांपेक्षा गोल टोपली अधिक सोयीची. कन्नडमध्ये तिला ‘हरिगोलु’ म्हणतात. वेळूची विण, बाहेरून कातडे. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजयनगरला आला, तेव्हा आनेगुंदीला तुंगभद्रा ओलांडण्यासाठी अशाच टोपल्या वापरात होत्या. एकीत पंधरा-वीस माणसे बसत, प्रसंगी घोडे आणि बैलही नेता येत, असे त्याने नमूद केले आहे. त्याच तुंगभद्रेच्या पात्रात विजयनगरकालीन पुलाचे दगडी खांब उभे आहेत. वरचा पूल गेला, खांब उरले, आणि टोपली मात्र शतकानुशतके चालत राहिली.

टोपली चालविणारा तो ‘अंबिग’. बाराव्या शतकातील वचनकारांत अंबिगर चौडय्या हा व्यवसायाने नावाडी. त्याने आपला व्यवसाय आपल्या वचनांच्या मुद्रेतच ठेवला. पुढे पुरंदरदासांनी एका पदात ईश्वरालाच अंबिग म्हणून हाक मारली. मराठी संतपरंपरेतही देव तारणारा आहे, विठ्ठल भवसागर उतरवितो. पण चौडय्याच्या बाबतीत रूपक उलट दिशेने येते. तेथे कवी नावाड्याची उपमा उसनी घेत नाही, नावाडीच कवी झालेला आहे. भक्तिवाङ्मयाच्या तुलनात्मक अभ्यासात हा भेद लक्षात ठेवावयास हवा.

५. साकव, सेतू, पूल

आता प्रत्यक्ष पुलाकडे. मराठीत पुलाचे तीन मुख्य शब्द आहेत, आणि तिघांची घराणी वेगळी आहेत.

‘साकव’ हा घरचा शब्द. संस्कृत ‘संक्रम’ म्हणजे ओलांडणे, त्यापासून साकव. कोकणात आणि घाटमाथ्यावर ओढ्यावर टाकलेले लाकूड, बांबूची किंवा दगडी शिळेची लहानशी पायवाट म्हणजे साकव. हाच संक्रम कन्नड आणि तुळू भाषांत ‘संक’ झाला आणि बंगालीत ‘साँको’ झाला. रवींद्रनाथांचे घर ज्या जोडासाँको भागात आहे, त्याचे नाव अशा जोडसाकवावरूनच पडलेले आहे. कोकणातील वहाळ आणि कोलकात्यातील एक जुना ओढा यांना जोडणारा हा शब्द भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

‘सेतू’ हा शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला. म्हणून सेतू म्हणजे बांध आणि पूल दोन्ही. कन्नडमध्ये ‘सेतुवे’ हा पुलाचा सर्वसामान्य शब्द आहे. मराठीत सेतू व्यवहारात फारसा उतरला नाही. रामकथेमुळे त्याला जो भारदस्तपणा आला, त्यामुळे तो नामफलकांवर आणि भाषणांत राहिला. गावाकडचा माणूस सेतूवरून जात नाही, पुलावरून जातो.

‘पूल’ हा फारसीतून आलेला. परकीय म्हणून त्याची बोळवण करण्याचे मात्र कारण नाही. फारसी ‘पुल’ हा मध्य-फारसी ‘पुह्ल’ आणि त्यामागील अवेस्तातील ‘पेरेतु’ याचा वंशज आहे. पेरेतु म्हणजे ओलांडण्याची जागा, उतार आणि पूलही. पारशी धर्मग्रंथांत मृतात्म्याला ज्या ‘चिन्वत’ पुलावरून जावे लागते, तेथे हाच शब्द आहे. त्याचा धातू ‘पार जाणे’ या अर्थाचा, म्हणजे संस्कृत ‘पार’ ज्या मूळ धातूपासून झाला तोच. तेव्हा ‘पुलावरून पार जाणे’ या मराठी शब्दप्रयोगात एकाच कुळातील दोन चुलत भाऊ हजारो वर्षांनंतर शेजारी येऊन बसले आहेत. इंग्रजीत उताराला जो ‘फोर्ड’ शब्द आहे, तोही याच कुळातला. फारसीतून आलेला पूल मुळात उतारच होता.

या तिघांखेरीज एक चौथा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात ऐकू येतो : ‘फरशी’. नदीपात्रात थोड्याच उंचीवर केलेला दगडी किंवा सिमेंटचा बांधीव रस्ता. पावसाळ्यात फरशीवरून पाणी जाते आणि वाहतूक थांबते. कोशकाराने ‘फरशी’खाली केवळ घरातील जमिनीचा अर्थ देऊन थांबू नये. ही फरशी म्हणजे उतार आणि पूल यांच्यामधली पायरी होय.

६. दगडाचा पूल : बांधीव उतार

दगड दाबाला बळकट असतो, ताणाला दुबळा. दोन खांबांवर आडवी टाकलेली लांब शिळा आपल्याच वजनाने मध्यभागी तडकते. यावर जुन्या बांधणाऱ्यांनी दोन उपाय काढले. एक, कमान. तिच्यात प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, ताण जवळजवळ राहत नाही. दुसरा, खांब जवळजवळ उभे करून आणि त्यांच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेले दगड बसवून मधले अंतर कमी करणे, आणि मग त्यावर आखूड तुळया टाकणे.

नंजनगूडचा पूल पहिल्या पद्धतीचा, टोकदार कमानींचा. पुढे म्हैसूरहून नंजनगूडला मीटरगेज आगगाडी आली, ती याच पुलावरून. अठराव्या शतकातील बैलगाडीसाठी केलेल्या कमानींनी आगगाडीचे वजन पेलले. रुळांच्या रुंदीकरणानंतर गाडी नव्या पुलावरून जाऊ लागली आणि जुना पूल वारसा म्हणून जपला गेला.

श्रीरंगपट्टणचा पूल दुसऱ्या पद्धतीचा आहे. पात्रातील खडकावर उभे केलेले दगडी खांब, त्यांच्या डोक्यावर पुढे काढलेले दगड, त्यांवर दगडी तुळया. देवळाच्या मंडपाची रचना नदीत नेऊन उभी केल्यासारखा तो दिसतो. अशा पुलाला खोल पाया खणावा लागत नाही. त्याला उथळ पाणी आणि उघडा खडक लागतो. म्हणजे जी जागा उताराला योग्य, तीच या पुलालाही योग्य. पुराचे पाणी खांबांमधून आणि वेळप्रसंगी वरूनही जाते. पूल नदीशी झुंजत नाही, तिला वाट देतो. शिवनसमुद्र येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामस्वामी मुदलियार यांनी कावेरीच्या फाट्यांवर बांधविलेले पूलही याच जातीचे.

श्रीरंगपट्टणच्या पुलाचे वर्षही अर्थपूर्ण आहे. हे बेट किल्ला म्हणून निवडले गेले, ते चहूकडे पाणी होते म्हणून. किल्ल्याच्या धन्याला रुंद पूल नको असतो, उतार आपल्या ताब्यात असणे त्याला पुरते. मार्च १७९९ च्या अखेरीस जनरल हॅरिसच्या फौजेने सोसलेच्या उताराने कावेरी ओलांडली. ४ मे १७९९ रोजी भर दुपारी उन्हाळ्यातले उथळ पात्र पायी ओलांडूनच किल्ल्यावर हल्ला झाला आणि टिपू पडला. उतारानेच किल्ला राखला होता, उतारानेच तो घेतला गेला. त्यानंतर पाच वर्षांनी तेथे पूल आला. पूर्णय्या देशस्थ माध्व घराण्यातले. हैदर आणि टिपू यांच्या पदरी कारभार करून १७९९ ते १८११ पर्यंत ते नव्या राज्याचे दिवाण होते. त्या कारभाराच्या हिशेबांत कन्नडबरोबर मराठीचाही वापर होता. या पुलाचे दगड ज्या दप्तरात मोजले गेले, त्या दप्तराची भाषा मराठीच्या अभ्यासकाने आपल्या कक्षेबाहेरची मानू नये.

महाराष्ट्रातील जुन्या पुलांतही उताराशी असलेले हे नाते दिसते. प्रतापगडाच्या परिसरात पार गावाजवळ कोयनेवर असलेला दगडी कमानींचा पूल परंपरेने शिवकालीन मानला जातो. पंढरपूरचा चंद्रभागेवरील जुना दगडी पूल इतका बुटका आहे, की पाणी वाढले, की तो बुडतो, आणि नदीचे पाणी किती चढले हे लोक त्याच्यावरूनच सांगतात. पुण्यात मुठेवर पेशवाईत बांधलेला लाकडी पूल गेला, त्या जागी दगडी आला, छत्रपती संभाजी पूल असे नामकरणही झाले. लोकांच्या तोंडी तो लकडी पूलच राहिला. गोव्यात पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा कमानींचा लांबलचक बांध लिन्हारीस या व्हाइसरॉयच्या काळात १६३३-३४ मध्ये बांधला गेला. खाजणातून जाणारा तो रस्ता अजून वापरात आहे.

७. पूल पडतो तेव्हा

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल कोसळला. त्याचे वय तेव्हा जेमतेम दीड दशकाचे होते. त्याच शहरातील साडेतीनशे वर्षांचा लिन्हारीसचा बांध उभाच होता, आणि लोकांना पुन्हा फेरीबोटींवर भिस्त ठेवावी लागली. याचा अर्थ जुने सर्व टिकाऊ आणि नवे सर्व तकलादू, असा नव्हे. महाडजवळ सावित्रीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने त्याच्याबरोबर नदीत गेली आणि अनेक प्रवासी प्राणांस मुकले. २०१८ च्या कावेरीच्या पुरात शिवनसमुद्रच्या जुन्या पुलाचाही काही भाग गेला. दगडी पूल अमर नाहीत. पायथ्याचा खडक किंवा बांधकाम पाण्याने पोखरले, सांध्यांत झाडांची मुळे शिरली, की शंभर वर्षे उभी असलेली कमान एका रात्रीत पडते.

भाषेच्या दृष्टीने या घटनांतून एक वेगळीच गोष्ट दिसते. पूल असतो तोवर नदी कोठे उथळ आहे, कोठे डोह आहे, कोणत्या महिन्यात कोठे पाय टेकतो, हे ज्ञान कोणाला लागत नाही. तर चालविणाऱ्याचा व्यवसाय बसतो. एका पिढीनंतर उतारांची नावे जातात. पूल पडला, की माणसे पुन्हा नदीसमोर उभी राहतात, पण नदीची भाषा त्यांच्याजवळ उरलेली नसते. जुन्या काळी कावेरीच्या, कृष्णेच्या किंवा सावित्रीच्या काठच्या माणसाला पाण्याचा रंग आणि खडकावरची खूण पाहून उतार आहे की नाही हे सांगता येई. ते सांगण्यासाठी लागणारे शब्द त्याच्या बोलीत होते. प्रमाण मराठीच्या कोशांत त्यांतील थोडेच आले आहेत.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन कामे निष्पन्न होतात.

पहिले कोशाचे. मोल्सवर्थने १८३१ च्या आणि १८५७ च्या आवृत्तींत बोलीतील व्यवहाराचे शब्द पुष्कळ नोंदविले. नंतरच्या छोट्या कोशांनी त्यांतील अर्थ गाळले. उतार, तर, सांगड, उतारू, पायउतार, साकव, फरशी या नोंदींत नदीचा अर्थ प्रथम किंवा निदान स्वतंत्रपणे दिला पाहिजे. कन्नड, मलयाळम, तमिळ आणि बंगाली या भाषांतील समांतर शब्दही शेजारी द्यावेत, म्हणजे ‘संगड’ आणि ‘सांगड’, ‘संक’ आणि ‘साँको’ एकाच दृष्टिक्षेपात येतील.

दुसरे संपादनाचे. अठराव्या शतकातील मोहिमांची पत्रे आणि बखरी पुन्हा छापताना नदी ओलांडण्याच्या प्रत्येक उल्लेखाला स्थळ, ऋतू आणि साधन यांची टीप जोडावी. आज जलाशयाखाली गेलेले उतार जुन्या नकाशांवरून निश्चित करता येतात. ही माहिती नसेल, तर फौज आठ दिवस एका जागी का थांबली, हे वाचकाला कळत नाही आणि सेनापतीचा निर्णय लहरी वाटतो.

तिसरे संग्रहाचे. तर आणि टोपली चालविणारी माणसे अजून काही काठांवर आहेत. १९६९ साली म्हैसुरात स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थेसारख्या केंद्रांना आणि नदीकाठच्या विद्यापीठांना तालुकावार शब्दसंग्रह करणे अवघड नाही. जेथे जुना दगडी पूल वारसा म्हणून नोंदला जातो, तेथे त्याच्या खांबांच्या संख्येबरोबर त्याच्या आधीच्या उताराचे नाव, तेथील तरेचा हक्क कोणाकडे होता, आणि पुलाला गावकरी काय म्हणतात, हेही नोंदले जावे.

पुलाच्या दगडांची मोजदाद स्थापत्यशास्त्रज्ञ करीलच. पूल येण्यापूर्वी त्या जागी माणसे नदी कशी ओलांडीत आणि त्या ओलांडण्याला काय म्हणत, ही नोंद मात्र भाषेच्या अभ्यासकाखेरीज दुसरे कोणी करणार नाही.